दहा नंबरचा पाना

पाना-पकडींची पेटी उघडून बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे एकतीस वर्षं मी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडतोय. आणि त्या दिवशी मीच न बघता सही ठोकली. का, तर पेटी जावयाची! कॉकपिटमधलं तीन दिवसांचं काम उरकून आला, "मामा, हत्यारं मोजली, सगळी आहेत," म्हणाला, आणि आम्ही सासरेबुवा विरघळलो.

नवं लढाऊ विमान, चाचणीचं सातवं उड्डाण. इंजिन सुरू झालं तरी मनाची खुटखुट जाईना. शेवटी उघडली पेटी. प्रत्येक हत्याराची फोममध्ये खाच असते, सगळ्या भरलेल्या होत्या. पण दहा नंबरचा पाना नवाकोरा! आमच्या हत्यारांवर पेटीचा नंबर कोरलेला असतो, याच्यावर काहीच नव्हतं.

"जावईबापू, हा कुठला?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाजारातला. आधीचा परवापासून सापडत नाही. वाटलं, वर्कशॉपमध्येच पडला असेल. नोकरी जाईल म्हणून..."

"अरे गाढवा, कॉकपिटमध्ये पडला असेल तर?"

आत आमची वैमानिक होती, सगळे तिला ताई म्हणतात. विमान कलंडलं की पाना घरंगळणार. तिच्या हातातल्या दांड्याच्या मुळाशी अडकला, तर विमान वळायचंच नाही. आणि ते धावपट्टीवर पोचलंसुद्धा होतं.

मी फोनकडे धावलो. त्याने माझं मनगट धरलं. "मामा, तुमच्या लेकीला सातवा महिना लागलाय. मी घरी बसलो तर कसं होईल?"

माझा हात थांबला. खोटं कशाला बोलू, थांबला. बाहेर इंजिनाचा आवाज चढला, तसं मी त्याला ढकलून दिलं.

"टॉवर! थांबवा! उड्डाण थांबवा!"

विमान सुसाट सुटलं होतं. ब्रेक लागले, टायरमधून धूर निघाला, आणि पट्टी संपता संपता ते उभं राहिलं.

सीट काढली तेव्हा पाना मिळाला, दांड्यापासून वीतभर अंतरावर.

ताई घामानं निथळत आली. तिने माझे दोन्ही हात धरले. "काका, वाचवलंत मला. पण अहो, अजून दोन सेकंद गेले असते तर मी हवेत असते. इतका उशीर का झाला?"

जावई मान खाली घालून उभा होता. काहीतरी थाप मारता आली असती. जीभच वळेना.

"पोरी, फोन उचलताना माझी लेक आठवली आणि हात थांबला," मी म्हणालो.

तिने माझे हात सोडले.