अनुभवाचा रकाना

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत बातमी लपत नाही. ढुंढिराज गुरुजींची मालविका नोकरीसाठी बायोडाटा लिहायला बसली आहे, हे तिनं पेनचं टोपण काढायच्या आधीच गल्लीला ठाऊक झालं होतं. चौऱ्याण्णव सालचा मे महिना. पोरगी इंटरची, म्हणजे बारावीची, परीक्षा देऊन मोकळी झाली होती. मोकळी म्हणजे कशी, तर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघरात.

गुरुजींकडे महाराष्ट्रातून यात्री येत. गंगापूजन, श्राद्ध, ब्राह्मणभोजन, राहणं, जेवणं, सगळं एकाच घरात. आईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हापासून चूल मालविकेकडे आली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं नको म्हटलं नव्हतं. असल्या गोष्टी आपल्याकडे अशाच ठरतात.

लहुराबीरला एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मुलगी हवी होती. मराठी यात्रेकरूंशी बोलायचं, थोडं इंग्रजी यायला हवं, बस्स. बसायला खुर्ची, पुढ्यात टेलिफोन, डोक्यावर पंखा. मालविकेला त्या खुर्चीची स्वप्नं पडायला लागली. कारण बाबांनी पुढचं ठरवून टाकलं होतं. बीए करायचं ते प्रायव्हेट, घरी बसून, आणि मग स्थळं बघायची. मालविकेचा बेत साधा होता. आपण रोज बाहेर पडतो याची घराला एकदा सवय लागली, की युनिव्हर्सिटीत जाऊन शिकायची गोष्ट काढता येईल. ही खुर्ची गेली, तर पुन्हा काढता येणार नाही.

"टाक अर्ज," बाबा म्हणाले होते. "कोण बोलावतंय!"

वरच्या खोलीत शरदिनीताई भाड्यानं राहत. बँकेत होत्या, नागपूरहून बदली होऊन आलेल्या. बायोडाटा कसा लिहितात ते त्यांनीच सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, शिक्षण इथपर्यंत गाडी सुरळीत गेली आणि अनुभवाच्या रकान्यापाशी येऊन अडली.

"अनुभव तर काहीच नाही, ताई. मी कधी नौकरीच कुठे केली?"

"अगं, मग दिवसभर काय करतेस? तेच लिही की! कोरा रकाना कुणी वाचत नाही."

मालविकेनं पेनचं टोक चावलं. काय करते आपण? दहा वर्षांची होती तेव्हापासून ती बाबांबरोबर स्टेशनवर यात्री उतरवून घ्यायला जात होती. गाडीतून उतरलेल्या, भांबावलेल्या म्हाताऱ्यांपुढे उभं राहून घराचं वर्णन करायचं, हे तिचं काम. ते तिला तोंडपाठ होतं. तेच हातातून उतरायला लागलं, आणि एकदा लागल्यावर थांबेना. घर घाटाजवळ. सोवळ्यातला स्वयंपाक, पुरणावरणासकट. मोठ्या पार्टीची राहण्याची सोय. म्हाताऱ्या बायकांना हात धरून अहिल्याबाई घाटावर स्नानाला नेणार, गल्लीत चुकलेल्यांना शोधून आणणार, कुणी आजारी पडलं तर डॉक्टरकडे नेणार, गंगाजळाचे गडू झाळून, तोंड पक्कं बंद करून, हातात देणार. ढुंढिराज गुरुजींच्या घराण्यात ही सेवा पिढ्यान् पिढ्या.

शरदिनीताईंना इथं शंका यायला हवी होती. आली नाही. उलट त्यांचेच डोळे पाणावले. "केवढं करतेस गं तू!" म्हणाल्या, आणि सगळ्याचं झकास इंग्रजी करून बँकेतून टाइप करून आणलं.

मालविकेला बोलावणं आलं. ऑफिसच्या मालकांनी, मिश्राजींनी, तिच्यासमोर तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. एका वेळी किती लोक उतरतात? खोल्या किती? उन्हाळ्यात पाणी पुरतं का? मालविका तोंडी परीक्षेतल्या हुशार मुलीसारखी एकेक उत्तर फेकत होती.

"बहुत बढ़िया, बेटा," मिश्राजी म्हणाले. "मैं कल घर आता हूँ. पंडितजी से बात करनी पड़ेगी."

वडिलांची परवानगी विचारायला माणूस स्वतः घरी येतोय, केवढा सभ्य! मालविका रिक्षा न करता चालत घरी आली आणि वाटेत कुठलीच दुकानं तिला दिसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं इस्तरीचा सलवार-कुर्ता घातला, चहा केला आणि ट्रे घेऊन बाहेर आली. मिश्राजी बाबांसमोर सतरंजीवर बसले होते. तिचा बायोडाटा त्यांच्या मांडीवर उघडा होता, आणि अनुभवाच्या रकान्याखाली त्यांनी लाल रेघा मारल्या होत्या.

"पंडितजी, हमें तो मालूम ही नहीं था कि आपके यहाँ इतनी व्यवस्था है. अब से पूना-नासिक की हमारी सारी पार्टियाँ आपके घर उतरेंगी. रहना, खाना, पूजा, सब यहीं. और बिटिया यहाँ है, तो दफ़्तर में लड़की रखकर मैं क्या करूँगा?"

बाबांनी लेकीकडे असं पाहिलं, जसं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"मालू! अगं, एका कागदानं काय करून दाखवलंस! आपल्या आजोबांच्या वेळीसुद्धा एवढे यात्री येत नव्हते."

"बाबा, तो मी नौकरीसाठी दिला होता."

"मग ही नौकरीच की! आणि घरातल्या घरात. उन्हातान्हात लहुराबीरला खेटे घालायला नकोत तुला." ते चेष्टा करत नव्हते. मनापासून बोलत होते. चेष्टा असती तर भांडता तरी आलं असतं.

"आणि माझी ॲडमिशन?"

"प्रायव्हेटचा फॉर्म मी स्वतः आणून देतो. एकदम पक्कं."

मालविकेला वाटलं, तो कागद मिश्राजींच्या मांडीवरून ओढावा आणि टराटरा फाडावा. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मिश्राजींनी फसवलं नव्हतं. बाबांनी अडवलं नव्हतं. कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. घराबाहेर पडण्यासाठी तिनं जे लिहिलं, त्यात घराची तारीफ होती आणि तिचं फक्त नाव होतं. हे तिला आत्ता, हातात ट्रे धरून उभी असताना दिसलं.

आतल्या दारात आई येऊन उभी राहिली होती. तिला सगळं समजलं होतं. ती चौकट धरून नुसती लेकीकडे बघत राहिली.

"पहिली पार्टी सोमवारी," मिश्राजींनी पुढं केलेली यादी वाचत बाबा म्हणाले. "साताऱ्याकडची आहे. सगळी म्हातारी माणसं, त्यांना पुरणाचं हवंय. भरोसा तुझाच आहे, मालू. जमेल ना गं?"

बाबा आणि मिश्राजी, दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणायचं, असं तिनं ठरवलंसुद्धा. शब्द ओठांपर्यंत आला.

"किती पानं होतील?" तिनं विचारलं.