भागूबाईचे हात

शहाण्णव साली प्रज्ञाला एसटीडी बूथ मंजूर झाला, केडगावात पेढेही वाटून झाले, आणि अडलं ते गाळ्यावर. पुणे रोडवरचा मोक्याचा गाळा आप्पासाहेबांचा, आणि त्याच्या दाराला सहा बोटांची पायरी. "तुझी ही चाकाची खुर्ची उचलायला रोज दोन माणसं कुठून आणायची? आपली आपण आत जाऊन बाहेर आलीस तर गाळा तुझा. नाहीतर सोमवारी दुसऱ्याला देतो," त्यांनी तोंडावर सांगितलं.

प्रज्ञाच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पण वर्षापूर्वी हेच ऐकून ती मुकाट घरी गेली असती. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून पायरी आली की थांबायचं, कुणीतरी "धरा, धरा" म्हणेपर्यंत वाट बघायची, हीच सवय. तिची आई भागूबाई तर हातातलं काम टाकून धावायची.

मग नगरात गोरक्ष सरांनी चाकाच्या खुर्चीवरचं बास्केटबॉल सुरू केलं. काय सांगावं! बॉलसाठी जागच्या जागी गर्रकन वळायचं, मागच्या चाकांवर तोल धरून पुढची उचलायची, पडलं तर आपलं आपण उठायचं. आणि दुसऱ्याची खुर्ची हातानं धरली की फाउल! धरली नाही हे दाखवायला खेळाडू दोन्ही हात वर करायचे. भागूबाई दर रविवारी कडेला बसून बघायची आणि लेक पडली की "अगं बाई!" करत मैदानात घुसायची. सरांनी तिला दोनदा बाहेर काढलं होतं.

शनिवारी सकाळी गाळ्यापुढं ही गर्दी! प्रज्ञाचे हात शिवशिवत होते. तिनं वेग घेतला, पुढची चाकं उचलली, आणि ती पायरीवर टेकणार तोच भागूबाईनं मागून खुर्ची धरली. चाकं धाडकन खाली!

"आई, फाउल!" प्रज्ञा ओरडली.

"अगं, पडशील ना! मला बघवत न्हाई."

"पडू दे. उठता येतं मला."

"बघ, धरावं लागलंच की," आप्पासाहेब म्हणाले. पण प्रज्ञा केव्हाच मागं सरली होती.

भागूबाईनं ओठ दाबले आणि दोन्ही हात वर केले.

पुन्हा वेग. चाकं उचलली, पायरीवर टेकली. प्रज्ञा पुढं वाकली, दंडातला सगळा जोर लावला, आणि मागची चाकंही वर! पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्याशा गाळ्यात ती गर्रकन वळली, पाठ दाराकडं केली, पुढं वाकून खुर्ची सावकाश मागं सोडली आणि अलगद रस्त्यावर उतरली. आनंदानं तिला रडू फुटलं. हसूही आवरेना.

आप्पासाहेब हसले. "जमलं बुवा! भागूबाई, आता तरी हात खाली घ्या."

"किल्ली द्या पोरीला," भागूबाई म्हणाली, "मग घेते."