कियानूशचे आरसे

माझा नवरा कियानूश गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि सासूबाई यझ्दहून तेहरानला आल्या. म्हणाल्या, "मला गुलिस्तान महालात ने. माझ्या लेकानं बसवलेले आरसे बघायचेत." मी चार दिवस टाळलं. पण किती टाळणार?

आरशांच्या दालनात शिरल्यावर त्या मान वर करून बघतच राहिल्या. भिंती, छत, सगळीकडे आरशांचे बारीक तुकडे. त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "दादा, डागडुजीच्या वेळी इथं कियानूश होता ना? पायानं लंगडा? त्याचं काम यातलं कुठलं?"

म्हातारा पहारेकरी खुलला. "आपला कियानूश? लाखात एक माणूस. त्याच्या हातचा चहा आता कुठला मिळायला, आजी?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"हो, आई. तो कारागिरांना चहा द्यायचा. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता."

त्या बाहेर येऊन हौदाच्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "तो घर सोडून निघाला तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, लंगड्या, तू जन्मभर लोकांची उष्टी भांडीच उचलणार."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"चहा देतो म्हणाला असता, तर मी हसलेच असते गं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या. आता मी फोन केला, तर उचलत नाहीत.