चिमट्यातून निसटलेला एक ग्रॅम

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या तळहातावर एक ग्रॅमचं वजन आहे. शर्टाच्या गुंडीएवढं, चकचकीत, डोळे मिटले तर हाताला कळणारही नाही असं. आणि नेमकं ते तिथंच असायला नको आहे.

भिंगरीच्या तळहातावर ते असंच येऊन पडलं होतं. भिंगरी हे तिचं घरचं नाव, एका जागी कधी बसायची नाही म्हणून पडलेलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि महिनाभराची इंटर्नशिप होती, वजनं पारखणाऱ्या प्रयोगशाळेत. "वजनं पुसायला कॉलेज शिकावं लागतं होय?" दादा रोज चिडवायचा. पण महिना संपताना इथल्या प्रमुख मॅडमनी चांगलं पत्र दिलं, तरच ती वर्ष पास होणार होती. तिच्या आधी इंटर्नशिपला आलेल्या मुलाला मॅडमनी आठव्या दिवशी घरी पाठवलं होतं. का, ते कुणी बोलत नव्हतं.

पहिल्याच दिवशी चिमटेकाकांनी तिला एक गोष्ट बजावली होती. काका इथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. हातात कायम चिमटा, म्हणून चिमटेकाका. ते म्हणाले होते, "मूळ वजनाला, म्हणजे ज्याच्याशी बाकीची वजनं ताडतात त्याला, बोट लावायचं नाही. बोटाला घाम असतो, घामाला वजन असतं. आपल्याला ते दिसत नाही, पण तराजूला दिसतं."

आज काका जेवायला उठले आणि भिंगरीला वाटलं, तेवढ्यात दुपारच्या तपासणीसाठी मूळ वजनं मांडून ठेवू. घाई नडली. चिमट्यातून एक ग्रॅमचं वजन निसटलं, आणि ते फरशीवर पडू नये म्हणून तिनं दुसरा हात पुढं केला. उघडा हात.

तिनं चिमट्यानं वजन उचलून मखमलीच्या खाचेत ठेवलं. दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"ये गं, डबा गार होतोय," काकांनी हाक मारली.

डबा उघडला, पण ती भाजी नुसती चिवडत बसली. काका म्हणाले, "आज आई मीठ विसरली वाटतं."

"नाही काका, चांगलं आहे."

"मग भाजीकडे असं का बघतेस, तिनं तुझी परीक्षा घेतल्यासारखं?"

ती हसली, पण चोराच्या मनात चांदणं. सांगावं, तर पत्र गेलं. न सांगावं, तर एवढ्याशा घामानं काय होतंय? हळूच फडक्यानं पुसावं, तर काकांनी तेही सांगून ठेवलं होतं, की नुसत्या पुसण्यानं भागत नाही.

दोन वाजता मुलांच्या दवाखान्यातल्या औषधवाल्या बाई आल्या. त्यांच्याकडे वजनांची छोटी पेटी होती. तान्ह्या बाळांच्या औषधाची पूड ज्या तराजूवर मोजतात, तो तराजू त्या या वजनांनी तपासायच्या. आणि ही वजनं खरी आहेत की नाहीत, ते ठरायचं इथल्या मूळ वजनांशी ताडून. बाई खुर्चीवर बसल्या. पेटी टेबलावर न ठेवता त्यांनी ती मांडीवर दोन्ही हातांनी धरली, तान्हं बाळ धरावं तशी.

काकांनी हातमोजे चढवले, चिमटा घेतला, आणि ते त्या खाचेकडे वळले.

"काका, थांबा," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "त्याला माझा हात लागलाय. उघडा हात."

काकांनी चिमटा खाली ठेवला. चष्मा काढला. मग त्यांनी बाईंना सांगितलं, "हे धुवावं लागेल, दोन दिवस तसंच ठेवावं लागेल. परवा या." बाईंनी भिंगरीकडे एकदा पाहिलं, पेटी उचलली आणि गेल्या.

मॅडमनी तिला आत बोलावलं.

"कुणी पाहिलं होतं?"

"नाही."

"मग दीड तास गप्प का बसलीस?"

"पत्राची भीती वाटली."

"आणि मग का सांगितलंस?"

"त्या बाईंनी पेटी मांडीवर धरली होती," ती म्हणाली.

मॅडमनी तिच्या फायलीत दोन ओळी लिहिल्या, फाईल मिटली. काय लिहिलं ते दाखवलं नाही. "पत्राचं महिन्याच्या शेवटी बघू. जा, काम कर."

ती बाहेर आली. काकांनी टेबलावर एक जुनं, डाग पडलेलं वजन ठेवलं होतं, मोडीत काढलेलं. "हे पडलं तर कुणाचं काही जात नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून पहिल्या वर्षी किती पडली, ते मात्र विचारू नकोस."

मॅडमचं दार बंदच होतं. भिंगरीनं त्या दाराकडे पाठ केली, एका मऊ फडक्याची चारपदरी घडी करून टेबलावर ठेवली, हातमोजे घातले, आणि चिमट्यानं वजन उचललं. ते पडलं. तिनं पुन्हा उचललं.