कच्चा खडक

आसावरीने काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, पाहिली, आणि पुन्हा उठून खिडकीशी गेली. प्रयोगशाळेबाहेरच्या बनी पार्कच्या गल्लीत दिनकर सरांची रिक्षा अजून दिसत नव्हती. ते यावेत की येऊ नयेत, हेच तिला कळत नव्हतं.

सकाळी तिनेच उतावीळपणे फोन केला होता. "सर, तपकिरी आहेत! मतलब, खडक शिजलाय!" वाळवंटात तेलासाठी खोदलेल्या विहिरीतून वर आलेल्या खडकात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे परागकण असतात. खडक उथळच राहिला तर ते पिवळे. खोल गाडला जाऊन तापला तर तपकिरी, आणि तिथेच तेल तयार होतं. वाळवंटाखालच्या, गाळाने भरत गेलेल्या खोऱ्याचा पश्चिम भाग खूप खोल खचलाय, असं दिनकर सर भूवैज्ञानिक म्हणून नोकरीत असल्यापासून सांगत आले होते. लोक तोंडावर हो म्हणत आणि पाठ वळली की हसत. शेवटी एका छोट्या कंपनीने त्यांच्या शब्दावर एक विहीर खोदली. तेल लागलं नाही. दुसरी खोदायची की गाशा गुंडाळायचा, हे आज ठरणार होतं.

दुपारी तिने नीट पाहिलं. तपकिरी कण सगळे झिजलेले. ज्या झाडांचे ते होते, ती झाडं हा गाळ साचण्याच्या कितीतरी आधीच नाहीशी झाली होती. म्हणजे जुने डोंगर झिजले, नदीने त्यांची माती खोऱ्यात आणून ओतली, आणि दुसरीकडे तापलेले हे कण तिच्याबरोबर आले. खोऱ्याचे स्वतःचे कण पिवळेधमक होते. नवशिक्याने करावी अशी चूक! तिला स्वतःचाच भयंकर राग आला. गप्प बसावं का? कोण तपासायला बसलंय! पण मग सरांच्या नावावर दुसरीही विहीर कोरडी जायची.

दार ढकलून दिनकर आत आले. हातात राजा पार्कातून घेतलेला मिठाईचा डबा.

"घे, आधी तोंड गोड कर. तुझी मनीषाकाकू म्हणते, आता तरी घरात खडकांशिवाय दुसरं काही बोलाल!"

"सर, बसा ना."

"बसतो कुठला! कंपनीला फोन करायचाय."

"त्याआधी एकदा बघून घ्या. मी... मी घाई केली, सर."

ते बसले. बराच वेळ पाहत राहिले. आसावरी उगाच बाटल्या इकडच्या तिकडे करत राहिली.

"हे बाहेरून वाहून आलेत," ते म्हणाले.

"हो. आणि आपले..."

"आपले पिवळे. दिसतंय."

"सॉरी सर. माझंच चुकलं."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि फोन लावला. आता आपलं नाव निघणार, म्हणून आसावरीने ओठ घट्ट मिटले.

"नमस्तेजी, दिनकर बोल रहा हूँ. दूसरा कुआँ मत खोदिए. पत्थर कच्चा है." पलीकडचा आवाज चढला. "नहीं जी, लैब का काम एकदम सही है. अंदाजा मेरा गलत था. हाँ, शुरू से."

फोन ठेवून ते तिला म्हणाले, "रिपोर्ट लिही. पिवळे आहेत, असं स्वच्छ लिही." आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले.

ती लिहायला बसली. मध्येच तिने मान वर केली. सर अजून काचेला डोळा लावून होते. दिवा बंदच होता.