सोनलने म्हातारीला पुन्हा गाठलं

कळव्यात माझं छोटं गेमिंग पार्लर आहे. दर रविवारी दुपारी आमचा जुना ग्रुप तिथे जमतो आणि एकच गेम खेळतो, अग्निकोट. राक्षस, मंत्र, तलवारी, पडके किल्ले. शेवटी एक राणी येते. तिचं नाव कुणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही तिला म्हातारी म्हणतो. तिला मारलं की गेम संपला.

आमच्यात तिला सगळ्यांच्या आधी मारलेलं सोनलने. सोनल डोंबिवलीची, एका लॅबमध्ये कामाला. तिच्या पात्राच्या अंगावर चिलखत नसायचं, हातात नुसता सुरा. म्हातारीचा वार आला की ही नेमकी त्या क्षणी बाजूला. एकही वार अंगावर न घेता जिंकलेली. तिच्या कॉलेजचा मित्र स्वानंद तेव्हा खुर्चीवर उभा राहून नाचलेला.

मग गेल्या वर्षी शीळफाट्याला तिच्या स्कूटीला टेम्पोने उडवलं. पाय सावरला, पण डाव्या हाताची बोटं पूर्वीसारखी वळेनात आणि अंगठा जड झाला. कंट्रोलरवर पात्र पळवायचं ते डाव्या अंगठ्यानेच. बरी झाल्यावर ती पार्लरमध्ये आली आणि आपल्या जुन्या पद्धतीने खेळायला बसली. नवखी पोरंही जिथे मरत नाहीत तिथे ती मरत राहिली. तिने चहा घेतला, येते म्हणाली, आणि पुढे बरेच दिवस फिरकलीच नाही.

परत आली ती पेनड्राइव्ह घेऊन. घरी बसून तिने गेम पहिल्यापासून पुन्हा खेळलेला, अगदी म्हातारीच्या दारापर्यंत. मी तो टीव्हीवर लावला. तिचं पात्र आता डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात होतं, एका हातात ढाल, दुसऱ्यात पात्राहून मोठा हातोडा, बोटात अशी अंगठी की प्रत्येक घावागणिक गेलेला जीव भरून येतो. याला ओव्हरपावर्ड बिल्ड म्हणतात. पात्र इतकं दांडगं करून ठेवायचं की वार चुकवायची गरजच पडू नये. आमच्यात असं खेळणं कमीपणाचं समजतात. दोघंतिघं गालातल्या गालात हसले.

स्वानंद हसला नाही. त्याला खरंच वाईट वाटलेलं. हे काय खेळणं झालं, म्हणाला, नेटवर बघून कुणीही करेल. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून त्याने सुचवलं की कंट्रोलरची डावी बाजू तो सांभाळेल, पळायचं काम त्याचं, वार तेवढे तिने करायचे.

"माझ्या वाटणीचं तू पळू नकोस," सोनल म्हणाली.

"अगं, पण तू अशी खेळायचीस का कधी? हे तुझं नाहीये."

"तेव्हा माझे दोन्ही हात चालत होते, स्वानंद. आता एक चालतो. हातोडा गेममध्येच ठेवलाय, अंगठीपण. मी कुणाचं चोरून आणलेलं नाही. मला तिला मारायचंय, आणि मीच मारणार."

तिने मांडीवर टॉवेलची घडी ठेवली, तिच्यावर कंट्रोलर टेकवला आणि अंगठ्याऐवजी तळव्याने पात्र चालवायला लागली. पळता येतच नव्हतं. म्हातारी मारत होती, ही मार खात सरळ तिच्या अंगावर जात होती. घाव घातला की जीव भरायचा. बरं चाललेलं, पण मग म्हातारी हवेत उडाली, तिने वरून विजा टाकल्या आणि सोनल मेली.

स्वानंदचा हात नकळत पुढे आला. तिने पाहिलं आणि कंट्रोलर आणखी जवळ घेतला. पुन्हा मेली. मग तिने सामानाची पेटी उघडली, ढाल काढून टाकली आणि पात्राच्या दोन्ही हातांत एकेक हातोडा दिला.

"अजून?" स्वानंद म्हणाला.

"अजून."

या खेपेला म्हातारीला उडायला वेळच मिळाला नाही. दोन्ही हातोडे एकदम बसले आणि ती भिंतीला आपटून खाली आली ती उठलीच नाही. मघाशी हसलेल्यांपैकी एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली, पण सोनलने तिकडे पाहिलंही नाही. ती डावा तळवा चोळत पडद्याकडे बघत होती. डोळे भरलेले, मान मात्र ताठ.

स्वानंद न सांगताच निघून गेला. आठवडाभर ग्रुपवर वाद चालला, हा विजय धरायचा की नाही. सोनलने एकदाच लिहिलं, पुढच्या रविवारी याहून जबर बिल्ड आणतेय, ज्याला त्रास होईल त्याने बाहेर बसावं.

रविवारी ती वेळेवर आली. स्वानंद उशिरा आला, मागे स्टूल ओढून बसला. तिच्या पात्राच्या हातात आता विषाचा भाला होता आणि समोरचे राक्षस जागच्या जागी विरघळत होते. बराच वेळ बघून त्याने विचारलं, हा भाला मिळतो कुठे?

"शोध," सोनल म्हणाली, आणि पुढच्या दाराकडे निघाली.