यादीतून गेलेले व्याही

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या शरणबसवांच्या दुकानात पाय ठेवलेलं गिऱ्हाईक चहा घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. चादर घ्या, टॉवेल घ्या, नाहीतर नुसता भाव विचारून चालू लागा, पण चहा घ्या, असा तीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यामुळे महेश्वरीनं जेव्हा जाहीर केलं, की यापुढे दर मंगळवारी सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेल जाणार, तेव्हा तिच्या बापाचा पहिला प्रश्न होता, त्यात चहाचं काय.

महेश्वरी एम.कॉम. होऊन दुकानात बसली होती आणि बसल्यापासून दुकान तिच्या मुठीत होतं. छोट्या व्यापाऱ्यांसाठी मेल कसे लिहावेत, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय आलं, याचं एक पत्रक तिच्या मोबाइलवर दर आठवड्याला यायचं. ती ते नाश्त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. विषयाची ओळ आखूड ठेवा. माणसाला नावानं हाक मारा. एका मेलमध्ये एकच गोष्ट सांगा. शरणबसवांना हे सगळं मनापासून पटायचं. आपले वडील हेच करायचे, फक्त त्यांना कुणी पत्रक काढायला सांगितलं नाही, असं ते म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. प्रत्येक मेलच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची, ती दाबली की त्या माणसाचं नाव यादीतून कमी. तिला अनसबस्क्राइब म्हणतात, ती ठेवावीच लागते आणि नाव कमी करणाऱ्याच्या मागे लागायचं नाही, असं पत्रकात ठळक छापलं होतं. आपणच आपल्या दाराला 'आत यायचं नसेल तर इकडून जा' अशी पाटी लावायची, ही कुठली रीत? पण महेश्वरीनं ती ओळ ठेवली. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

तरी इतक्यावर सगळं सुरळीत चाललं असतं. घात केला तो सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनं. पूर्वी किती जणांनी नाव कमी केलं त्याचा नुसता आकडा दिसायचा. आता नावंही दिसतील आणि हवं तर मोबाइलवर लगेच कळतील, अशी बातमी पत्रकात आली. महेश्वरीनं ती वाचली आणि सोडून दिली. शरणबसवांनी ती लक्षात ठेवली, आणि लेक जेवायला घरी गेल्यावर गुपचूप ती सोय स्वतःच्या मोबाइलवर चालू करून घेतली.

त्या मंगळवारी टॉवेलवर वीस टक्के सूट असल्याचा मेल गेला. संध्याकाळपर्यंत मोबाइल नऊ वेळा वाजला. नऊ माणसं, नावागावासकट. शरणबसव दिवाबत्ती करता करता यादी वाचत होते. नवव्या नावावर आले आणि उदबत्ती हातातच राहिली. नाव होतं मैंदर्गीच्या अण्णारावांचं.

अण्णाराव म्हणजे महेश्वरीचे होणारे सासरे. मैंदर्गीत धान्याची अडत, थोडी जमीन, आणि अनिलकुमार हा एकुलता एक मुलगा. पसंती झाली होती, येत्या सोमवारी साखरपुडा ठरला होता. आता आमच्या या भागात स्थळाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. पत्रिकेत काहीतरी निघतं, मुलाच्या आत्याची तब्येत बिघडते, फोन घरात विसरायला लागतो. समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. आणि हा माणूस तर चक्क यादीतून उठून गेला होता. याहून स्पष्ट इशारा तो कुठला?

शरणबसवांना रात्रभर झोप आली नाही. महेश्वरी आणि अनिलकुमार रोज फोनवर बोलायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. कधी गाणं न गुणगुणणारी पोरगी अलीकडे टॉवेलांच्या घड्या घालताना गुणगुणायला लागली होती. तिला हे कसं सांगायचं, ते बापाला सुचेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की आधी खात्री करायची. पण एकदम मैंदर्गीला जायचा धीर होईना, म्हणून त्यांनी उरलेल्या आठ जणांपासून सुरुवात केली. माणूस नाव का कमी करतो, ते तरी कळेल.

बुधवारी सकाळी स्कूटर काढून ते आधी निवृत्त शिक्षिका मालतीबाईंच्या घरी गेले आणि आमचं काय चुकलं म्हणून हात जोडून उभे राहिले. बाईंनी जन्मभर पोरांना दरडावलं होतं, पण दारात येऊन जाब विचारणारा मेल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मोबाइल भरला होता हो, असं त्या चाचरत म्हणाल्या, आणि शरणबसवांच्या देखत त्यांनी नाव परत घातलं. होटगीचा निंगप्पा रेल्वेत होता. खालची ओळ दाबली की काहीतरी बक्षीस लागतं, अशी त्याची समजूत झाली होती. बक्षीस घ्यायला खुद्द मालक आल्याचं बघून त्याला भरून आलं. शरणबसवांनी त्याला एक नॅपकीन देऊन टाकला. गुरुवार संध्याकाळपर्यंत आठच्या आठ माणसं यादीत परत आली होती, काही लाजेनं, काही भीतीनं.

दुकानात महेश्वरी आकडे बघून चक्रावली. गेलेली माणसं अशी रांगेनं परत येतात, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. अप्पा, दोन दिवस कुठं फिरत होता, असं तिनं बापाला विचारलं. उधारी नाही, वसुली नाही, जरा लोकांची ख्यालीखुशाली, असं ते पुटपुटले आणि मैंदर्गीला जायला शुक्रवारी सकाळी अक्कलकोटच्या एसटीत जाऊन बसले.

अण्णाराव अडतीच्या ओसरीवरच भेटले. "बर्री बर्री, कूडरी," या या, बसा, असं कानडीत म्हणत त्यांनी सतरंजी टाकली, पण त्यांचे डोळे काही पाहुण्याच्या डोळ्यांना भिडेनात. शरणबसवांनी ते बरोबर टिपलं. मग दोघांनी ज्वारीच्या भावापासून सुरुवात केली, तुरीवर आले, तुरीवरून अक्कलकोटच्या रस्त्यावर गेले. रस्ता संपल्यावर बोलायला काही उरलं नाही, तेव्हा शरणबसवांनी घसा खाकरला. सोमवारची काही अडचण असली तर मोकळेपणानं सांगा, आम्ही समजून घेणारी माणसं आहोत, असं ते म्हणाले.

अण्णाराव चपापले. मुलीचा बाप साखरपुड्याच्या तोंडावर एकटाच गाडी पकडून येतो आणि अडचणीची भाषा काढतो, म्हणजे अडचण त्याच्याकडेच असणार. ते सावधपणे म्हणाले, की अडचण तुमची असली तर आम्हीही समजून घेऊ. शरणबसवांना वाटलं, हा माणूस गोड बोलून आपल्याच तोंडून नकार वदवून घेतोय. ते म्हणाले, लोक काय, चार दिवस बोलतात. अण्णाराव म्हणाले, चारच दिवस. शरणबसव म्हणाले, पोरंही शहाणी आहेत. अण्णाराव म्हणाले, शहाणीच आहेत. अशा रीतीनं, कुणालाच मोडायचं नसलेलं लग्न दोघा भल्या माणसांनी सुपारीचं खांड चघळत जवळजवळ मोडत आणलं.

अण्णारावांची बायको चंद्रव्वा दाराआडून सगळं ऐकत होती. ती शेंगाचटणी आणि भाकरीचं ताट घेऊन बाहेर आली आणि ते दोघांच्या मधे आदळलं.

"लग्न मोडायलंय कोण, तेवढं सांगा की," ती म्हणाली. "म्हंजे मी त्याच्या ताटात भाकरी वाढत न्हाय."

मग शरणबसवांचा बांध फुटला. त्यांनी मोबाइल काढला आणि नववं नाव चंद्रव्वापुढे धरलं. "आमच्या यादीतनं तुमी नाव कमी केलं," ते अण्णारावांना म्हणाले. "पोरगी पसंत नव्हती तर तोंडानं सांगायचं की हो. खालची ओळ कशाला दाबायची?"

अण्णारावांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. ते उठले, माजघरात गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले. लग्नात पाहुण्यांना देतात तसले तांबडे टॉवेल, पन्नास नग, आणि वर छापलेलं लेबल शरणबसवांच्या दुकानासमोरच्या कल्लप्पाचं.

लग्न मोडलेलं नाही हे शरणबसवांना त्या क्षणी कळलं आणि आनंद झाला, पण त्या आनंदाच्या पाठोपाठ असा संताप आला, की दोन्ही मिळून त्यांना ठसकाच लागला. चंद्रव्वानं पाणी दिलं.

"पोरगी आमची चालती," पाणी पिऊन ते म्हणाले, "आन् टॉवेल तेवढा कल्लप्पाचा?"

"ऐका तर," अण्णाराव म्हणाले. "लग्नात पाचशे माणसाला टॉवेल-टोपी करायची हाय. तुमच्याकडं आलो असतो तर तुमी पैसे घेतले असते?"

"व्याह्याकडनं? छ्या."

"मंग गाव काय म्हणलं असतं? अण्णारावनं सून तर आणलीच, वर पाचशे टॉवेलबी उचलून आणले. आमी हुंडा घेत न्हाय म्हणून सगळ्यांना सांगितलंय. म्हणून गुपचूप समोरनं घेतले. त्यात तुमचा मेल आला, टॉवेलवर सूट. उघडला की लाज वाटायला लागली. म्हणून दाबून टाकली ती ओळ."

समोरचा माणूस शरणबसवांना आता पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागला होता, आणि ते त्यांना अजिबात सोयीचं नव्हतं. त्यांचा हात मात्र सवयीनं गठ्ठ्याकडे गेला. एक टॉवेल त्यांनी दोन बोटांत चोळला, धागा सुटून आला. मग पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून ते टॉवेलवर दाबलं, आणि बोट अण्णारावांसमोर धरलं. बोट तांबडंलाल झालं होतं.

"एका धुण्यात ह्यो पावण्यांचे सदरे रंगवतोय," शरणबसव म्हणाले. "आन् पाचशे पावणे काय म्हणतील ठावं हाय? पोरीचा बाप टॉवेलवाला. त्यानंच दिले असतील. कल्लप्पाचं नाव कुणी घेणार न्हाय."

हे मात्र अण्णारावांच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण स्वतःची अब्रू राखायला निघालो आणि व्याह्यांची पाचशे घरी वाटणार होतो, हे ध्यानात येताच त्यांनी कपाळाला हात लावला. बाकीचे साडेचारशे अजून यायचे होते, ते थांबवता आले असते. पण मूळची गाठ तशीच होती. शरणबसव पैसे घेणार नाहीत, आणि अण्णाराव फुकट घेणार नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि चंद्रव्वाला दोघांचाही कंटाळा आला होता.

तोडगा अण्णारावांनाच सुचला, कारण ते शेवटी अडते होते. मेलमधली वीस टक्के सूट सगळ्या सोलापूरला आहे, असं ते म्हणाले. मग ती घेण्यात ना उपकार, ना कमीपणा. गिऱ्हाईक म्हणून रोख पैसे मोजायचे आणि सवलतीचा भाव घ्यायचा. शरणबसव मान हलवायला तयार होईनात. तेव्हा चंद्रव्वानं त्यांच्याच मोबाइलवरून दुकानात फोन लावला, आवाज मोठा केला आणि नवऱ्यापुढे धरला.

अण्णारावांनी होणाऱ्या सुनेला पहिल्यापासून सगळं सांगितलं, बोट तांबडं झाल्यापर्यंत. अप्पा दोन दिवस कुठं फिरत होते, ते तिला बहुधा तेव्हाच कळलं असावं.

"टॉवेल मिळतील, मामा," ती म्हणाली. "पण सूट यादीतल्या लोकांना आहे. तुमचं नाव यादीत नाही."

शरणबसवांनी डोळे मिटून घेतले. जुळलेलं लग्न आता पोरगीच मोडणार, असं त्यांना वाटलं.

"मंग घाल की परत," अण्णाराव म्हणाले.

"नाव तुम्हीच घालायचं असतं, मला घालता येत नाही. आणि आज नाव घालून आज सूट मागितली, तर बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय करायचं? शिवाय उद्या गावात कुणी विचारलं, तर पूर्ण भाव मोजला म्हणून तुम्हाला छातीठोक सांगता आलं पाहिजे. पाचशे टॉवेलांचं पक्कं बिल देते."

अण्णारावांच्या अंगातला अडत्या जागा झाला. त्यांनी दहा टक्के मागून पाहिले, मग पाच. मग निदान सोलापूर ते मैंदर्गीचं टेम्पोभाडं तरी दुकानानं द्यावं, असं म्हणाले. ती एकदाही आवाज चढवून बोलली नाही आणि एक रुपयाही खाली आली नाही. भाड्याचं तिनं अर्धं अर्धं करू म्हटलं, आणि अर्धे पैसे आगाऊ पाठवायला सांगून, चंद्रव्वाला नमस्कार करून फोन ठेवला.

अण्णारावांनी मोबाइल अलगद सतरंजीवर ठेवला आणि बायकोकडे वळले.

"चंद्रव्वा, सोमवारची वाट बघायला नगं," ते म्हणाले. "उद्याच जाऊ सोलापूरला. ही पोरगी दुसऱ्या कुणाच्या अडतीवर बसली, तर आपलं काय खरं न्हाय."